फरशी वाकडी, दोष कुणाचा?

माणगावातल्या कुण्या पोराने १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनवर गेम लावला, की कॅमेरा वळताच फरशीच्या सरळ रेषा लचकतात. तो आधी केबल हलवतो, मग डिस्क पुसतो. व्यर्थ! फरशीवर चिकटवलेलं चित्र शाबूत असतं. फक्त फरशी ज्यांची बनते त्या त्रिकोणांवर ते ताणताना यंत्र अंतराचा हिशेबच धरत नाही. 'क्वेक' या गेमने १९९६ मध्ये दर १६ पिक्सेलांनी अंतराचा भागाकार करून हे बरंच सावरलं.

मग वाकडी फरशी खोटी का?

शंकराचार्यांच्या वेदान्तात दोरीवर भासलेला साप ज्ञानाने मावळतो, तसंच मायेचं जगही. 'दासबोध'ही मायेची कसून उलटतपासणी करतो. ज्ञानेश्वर मात्र 'अमृतानुभवा'त अज्ञानाचंच खंडन करतात. त्यांच्या लेखी जग भ्रम नाही, चैतन्याचा विलास आहे. ग्राफिक्सवाल्यांना हेच जवळचं वाटावं: लचकण्याचं कारण कळलं तरी फरशी लचकतेच, आणि काही नवे गेम तर ती हौसेने लचकवतात.