पदवीच्या पुढचा प्रश्न

भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या दोन तालुक्यांत इतकी धरणं आहेत की इंजिनिअरिंगनं काय घडतं आणि काय बुडतं, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. आपल्याकडे अशा कामांवर, रस्त्यांवर आणि पुलांवर बायका पिढ्यान्‌पिढ्या घमेली वाहत आल्या आहेत, तान्हं पोर झोळीत टाकून, भर उन्हात. हे बायकांचं काम नव्हे, असं त्यांना पाहून कुणी म्हणालं नाही. मग तशाच एखाद्या बाईची नात हातात नकाशा घेऊन साइटवर उभी राहायचं म्हणते, तेव्हाच मला तिच्या सुरक्षिततेची काळजी का वाटू लागते? मनाला खरं विचारलं तर उत्तर सुखाचं येत नाही. बाईनं ओझं वाहिलेलं मला चालतं. तिनं दिलेला हुकूम पुरुषांनी ऐकायचा, हे खटकतं.

मुलींना हे जमणार नाही, ही सबब तर केव्हाच संपली. ए. ललिता 1943 मध्ये मद्रासच्या गिंडी कॉलेजातून विद्युत अभियंता झाल्या, तेव्हा त्या विधवा होत्या आणि पदरी लहान मुलगी होती. शकुंतला भगत 1953 मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या. पोलादी पुलांचे सुटे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडायचं तंत्र त्यांनी पतीच्या साथीनं उभं केलं, आणि तसे पूल हिमालयाच्या दऱ्याखोऱ्यांत उभे राहिले. महिलांनी अर्ज करू नये, अशी टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात 1974 मध्ये वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्डावर जाब विचारला आणि त्या पुण्याच्या कारखान्यात रुजू झाल्या. कर्वेनगरात 1991 मध्ये खास मुलींचं कमिन्स कॉलेज निघालं. 2024-25 पासून वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी राज्य सरकार भरतं.

आत जायची वाट अशी रुंद झाली. टिकायची वाट मात्र आमच्या घरातून जाते, आणि तिथंच मला माझी परीक्षा घ्यावी लागते.

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये मुलीचा नंबर लागला की आम्ही पेढे वाटतो. त्या आनंदात तिच्या कामाचा विचार किती असतो आणि चांगल्या स्थळाचा किती? ‘आयटी घे, एसीत बसून काम, मेकॅनिकल कशाला?’ हा सल्ला तिच्या आवडीसाठी असतो की आमच्या सोयीसाठी? बायोडाट्यात बी. ई. झालेली सून आम्हाला हवी असते. शिरवळच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारी, बदली झाली तर नागपूरला जाणारी सून किती घरांना हवी असते?

कायद्यानं आपल्या परीनं केलं आहे. 2017 पासून बाळंतपणाची भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. पण सत्ताविसावा आठवडा येतोच, आणि तो सरकारच्या हातात नसतो.

म्हणून मी स्वतःला विचारतो. सून रात्री उशिरा येणार असेल, तर भाकरी मी थापेन का? नातवाला ताप आला तर आज रजा तू टाक, असं मुलाला सांगेन का? वेल्ह्याची शेवटची एसटी चुकली म्हणून ती पुण्यात राहिली, तर भावकीपुढे तिची बाजू घेईन का? याला मनापासून हो म्हणता येत नसेल, तर गुणगौरवाच्या स्टेजवर ‘मुलींनो, इंजिनिअर व्हा’ म्हणण्याचा मला अधिकार नाही.

घरातलं काम वाटून घेतल्याशिवाय दिलेलं प्रोत्साहन अर्धं आहे. मुलींनी त्यांचा वाटा कधीच उचलला आहे. उरलेला वाटा बापाचा, भावाचा, नवऱ्याचा आणि सासऱ्याचा आहे. तो आपण आपापल्या घरात आजपासून उचलू या.