राजधानी किती जवळ असावी?

आयझॅक असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’मधलं साम्राज्य आकाशगंगेतल्या जवळपास अडीच कोटी ग्रहांवर राज्य करतं. त्याची राजधानी ट्रँटॉर. अख्खा ग्रहच एक शहर, 40 अब्ज माणसं, आणि बहुतेकांचा धंदा एकच, कारभार. पोटाला लागणारं सगळं 20 शेतकी ग्रहांवरून जहाजं भरभरून येतं. 1951 साली पुस्तकरूपात आलेली ही कथा वाचताना वाचक साम्राज्याच्या पतनाचं भाकीत करणाऱ्या सेल्डनच्या गणितात रमतात. माझं मन त्या 20 ग्रहांवर अडकतं. त्यांच्या मालाचा भाव कोण ठरवत असेल? ऐन काढणीच्या तोंडावर ट्रँटॉरहून हुकूम सुटला, तर तो कोणाला विचारून सुटत असेल? नाशिक जिल्ह्यातल्या कळवणच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला हे प्रश्न कादंबरीपुरते राहत नाहीत.

अशा कल्पित सरकारांच्या चर्चेत सहसा अधिकारांची यादी काढली जाते. ‘स्टार ट्रेक’चं फेडरेशन 2161 मध्ये चार ग्रहांनी मिळून स्थापन केलं, त्याचा अध्यक्ष पॅरिसमध्ये बसतो, सदस्य ग्रह आपापला अंतर्गत कारभार पाहतात. म्हणजे ते सैल. असिमोव्हचं साम्राज्य घट्ट. उर्सुला ले ग्विनचा एक्युमेन सर्वांत सैल: 80 हून अधिक जगांचा तो संघ नव्या ग्रहाकडे एकच दूत पाठवतो, तोही एकटा आणि निःशस्त्र. पण या यादीवरून केंद्राची पकड कळते, असं मला वाटत नाही.

यादीच काढायची तर कळवणची काढू. संपूर्ण तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं अनुसूचित क्षेत्र आहे. संसदेचा एखादा कायदा इथे लागू करू नये, किंवा बदल करून लागू करावा, असा आदेश राज्यपाल काढू शकतात. देशातल्या बहुसंख्य तालुक्यांना हे संरक्षण नाही. 1996 च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, जमीन संपादनाआधी तिच्याशी विचारविनिमय बंधनकारक केला. 2014 मध्ये राज्याचे पेसा नियम आले आणि पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागता आली. पुढे आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. अंमलबजावणीच्या तक्रारी खूप आहेत, तरी हे अधिकार मोठे आहेत आणि लढून मिळवलेले आहेत. यादीच्या हिशेबानं कळवण हा फेडरेशनमधला बऱ्यापैकी स्वायत्त ग्रह ठरेल.

आता डिसेंबर 2023 पाहा. तेव्हा कळवण-सटाणा-देवळा पट्ट्यात उन्हाळ कांद्याची लागवड सुरू होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकलेलं रोप उपटून, शेंडे छाटून, वाफ्यात हातानं एकेक काडी लावायची. बियाणं, मजुरी, खत, सगळा पैसा या दिवसांत मातीत जातो. शेजारच्या तालुक्यांत लाल कांदा निघत होता, आणि लाल कांदा चाळीत टिकत नाही, आला की विकावाच लागतो. 7 डिसेंबरला दिल्लीतून अधिसूचना निघाली: 8 तारखेपासून 31 मार्चपर्यंत निर्यातबंदी. नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले. पुढे मार्चमध्ये, उन्हाळ कांदा काढणीला आला असताना, बंदी बेमुदत वाढली. 4 मे 2024 रोजी ती उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातभाव आणि 40 टक्के शुल्क लावूनच. ते शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला.

यात घटनेचा भंग कुठेच नाही. शेती आणि बाजार राज्यसूचीत, परदेश व्यापार केंद्रसूचीत. राज्यपालांनी उद्या ही अधिसूचना कळवणपुरती रोखली तरी शेतकऱ्याच्या हाती काही पडणार नाही, कारण बंदीचा अंमल कळवणात होतच नाही, तो न्हावा-शेवाच्या बंदरात होतो. केंद्राला गावात पाऊल टाकावं लागत नाही. गावाबाहेर जाणारी वाट त्याच्या हातात असली की पुरतं. आंतरतारकीय राज्यातही असंच होईल. ग्रहावर शाळा, जंगल, पंचायत, सगळं ग्रहवासीयांचं असेल, आणि दोन ग्रहांमधली पोकळी मात्र राजधानीची. म्हणून पकड मोजायची तर ती वेशीवर मोजावी: एका रात्रीत, न विचारता, केंद्र काय बंद करू शकतं?

ट्रँटॉरची बाजू खोटी नाही. शहरात कांदा महागला की हातावर पोट असलेल्या माणसाचं ताट आक्रसतं, आणि त्याची काळजी सरकारनं घ्यायलाच हवी. पण ट्रँटॉर वेढ्यात सापडू शकतं ते बाहेरच्या अन्नावर जगतं म्हणूनच, हे असिमोव्हनं तिथेच सांगून ठेवलं आहे. जो आपल्याला जेवू घालतो त्याचं नुकसान करून मिळवलेली स्वस्ताई फार दिवस टिकत नाही. पुढच्या हंगामात तो लागवडच कमी करतो. शिवाय उलट दिशेनं निरोप पोचायला किती वेळ लागतो पाहा. हुकूम एका रात्रीत पोचला. कळवण ज्या दिंडोरी मतदारसंघात येतं तिथे मतदान झालं 20 मे 2024 ला, आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पराभूत झाल्या. त्या निकालामागे कांद्याचा राग होता, असं मी मानतो. पण तोवर त्या हंगामातला बराचसा माल कवडीमोलानं गेला होता.

निर्यातीचा अधिकार केंद्राकडून काढून घ्या, असं माझं म्हणणं नाही. मागणी एवढीच आहे: रोप वाफ्यात गेल्यानंतर निघालेली बंदी त्या पिकाला लागू होऊ नये. बंदी घालायचीच असेल, तर ती रोप टाकण्याआधी जाहीर करा. मधल्या टंचाईसाठी सरकारनं बाजारभावानं कांदा विकत घ्यावा आणि शहरात स्वस्त विकावा. तो खर्च साऱ्या देशाचा, एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांनी येत्या बैठकीत असा ठराव करून राज्यपालांमार्फत केंद्राकडे पाठवावा.