दार आतून लावलेलं

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी भस्मासुर काढतोच. मलाही ती उपमा बरीच वर्षं पटत होती. कादंबरी सावकाश वाचली तेव्हा ती बसेना. भस्मासुर वर मिळताक्षणी देणाऱ्यावरच उलटतो. मेरीचा राक्षस मात्र आधी एका झोपडीलगतच्या खोपटात लपून माणसांची भाषा शिकतो, त्या गरीब घरासाठी रात्री गुपचूप सरपण तोडून ठेवतो. उलटतो तो फार नंतर, सगळीकडून हाकलला गेल्यावर. आणि हाकलण्याची सुरुवात त्याच्या कर्त्यापासून होते.

हा कर्ता म्हणजे व्हिक्टर, इंगोलश्टाटच्या विद्यापीठातला विद्यार्थी. जवळजवळ दोन वर्षं तो माडीवरच्या खोलीत एक देह घडवत एकटा खपतो. घरी पत्र नाही. वडिलांनी आधीच बजावलेलं असतं, की तुझी पत्रं थांबली तर बाकीची कर्तव्यंही सुटली असं मी समजेन. (विज्ञानाच्या नीतीवरच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मला हे बापाचं माप जास्त भरवशाचं वाटतं.) मग नोव्हेंबरातल्या पावसाळी रात्री तो देह डोळा उघडतो, आणि दोन वर्षं ज्याचा ध्यास घेतला त्याचं तोंड पाहून व्हिक्टर खोलीबाहेर पळतो.

कादंबरी आली १८१८ साली. त्याआधी पंधरा वर्षं, १८०३ मध्ये, जिओवानी आल्दिनीनं लंडनमध्ये फाशी गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेताला विजेचे झटके दिले होते. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. प्रकार किळसवाणाच, पण तो चारचौघांसमोर झाला. बघणारे होते, उद्या प्रश्न विचारू शकणारे होते. मेरीनं आपल्या नायकाभोवतीची ही माणसंच काढून टाकली. पुस्तकातली खरी भीती मला तिथे दिसते.

जस्टिनचं प्रकरण त्याचाच पुढचा भाग. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून होतो आणि घरातल्या या मोलकरणीच्या खिशात त्याच्या गळ्यातली तसबीर सापडते. खुनी कोण, याबद्दल व्हिक्टरला शंका नसते. तरी तो न्यायालयात तोंड उघडत नाही. लोक वेडा म्हणतील. जस्टिन फासावर जाते. राक्षसानं कट रचला हे खरं, पण दोर आवळला गेला तो एका शास्त्रज्ञाच्या लौकिकाच्या काळजीनं.

पुढच्या लेखकांनीही ही बंद खोली सोडली नाही. स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या कथेत डॉक्टर जेकिलची प्रयोगशाळा मागच्या गल्लीत उघडते. त्याला बुडवतो त्याच्या औषधातला एक क्षार: पहिला साठा भेसळीचा होता, गुण त्या भेसळीचा होता, आणि लंडनभर शोधूनही तसला पुन्हा मिळत नाही. कुणाला वही दाखवली असती तर ही चूक कदाचित आधी सापडली असती! वेल्सच्या १८९६ च्या कादंबरीतल्या मोरोला तर जगानं अडवलेलंही असतं. सोललेला एक कुत्रा त्याच्या घरातून निसटतो, बोभाटा होतो, इंग्लंड सोडावं लागतं. मोरो प्रयोग थांबवत नाही, बेट गाठतो.

मेरीच्या पुस्तकात उत्तर ध्रुवाकडे निघालेला आणखी एक वेडा आहे, कप्तान वॉल्टन. पण तो बहिणीला पत्रं लिहितो, आणि त्याच्या जहाजावर खलाशी आहेत. बर्फात जहाज अडकल्यावर ते येऊन सांगतात: वाट मोकळी झाली की दक्षिणेला वळायचं. त्याच जहाजावर मरणाच्या दारात पडलेला व्हिक्टर त्यांना भेकड म्हणून हिणवतो, शौर्याचं व्याख्यान देतो. वॉल्टन मनाविरुद्ध का होईना, खलाशांचं ऐकतो. हे कळल्यावर व्हिक्टर आपण एकटेच पुढे जाऊ म्हणून बिछान्यावरून उठायला बघतो, आणि बेशुद्ध होऊन मागे कोसळतो.