नव्याच्या नऊ पिढ्या

आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस असतात. युरोपातल्या स्लाव मुलखात हा हिशेब कुणी कुणाला सांगितलेला दिसत नाही. तिकडे 'नोव्हाक' असे एक आडनाव आहे. अर्थ अगदी सरळ : नवा आलेला. फार पूर्वी कुणी परगावचा माणूस बायकापोरे आणि गाडगीमडकी घेऊन गावात राहायला आला. त्याचे नावगाव विचारण्याचे कष्ट कोण घेणार? "तो हो, तो नवा!" एवढ्यावर भागले. त्याचा मुलगा त्याच गावात जन्मला, तोही नवा. नातू तिथेच म्हातारा होऊन मेला, तोही नवाच! आज चेक, पोलिश आणि स्लोव्हेन या तिन्ही लोकांत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव हेच. एकट्या पोलंडात सुमारे दोन लाख नोव्हाक आहेत. आता इतके सगळे नवे, तर मग जुने राहिले कोण, असा प्रश्न माझ्यासारख्या रिकामटेकड्याला पडतो.

अर्थात आपण हसायचे कारण नाही. माझ्या एका काकूला घरात सगळे 'नवी वहिनी' म्हणत. डोक्यावरचा शेवटचा काळा केस गेला, घरात नातसून आली, तरी हिचे नवेपण काही गेले नाही. पुण्यातला 'नवा पूल' १९२३ सालचा. शंभरी उलटली, तरी पुणेकरांच्या लेखी तो नवाच. पुलाची त्याबद्दल तक्रार नाही. काकूचीही नव्हती, पण काकूला कुणी विचारलेही नव्हते.

ज्यूंमध्येही नोव्हाक आहेत. पूर्व युरोपातले बहुतेक ज्यू 'अमक्याचा मुलगा तमका' एवढ्यावर शतकानुशतके निभावून नेत होते. पण सरकारला कर आणि शिपाई यांच्या याद्या करायच्या, तर तेवढ्याने भागेना. १७८७ साली ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफने आणि १८०४ साली रशियाच्या झारने हुकूम काढला : आडनाव लावा! कुणी गावाचे लावले, कुणी धंद्याचे, आणि काहींच्या वाट्याला 'नोव्हाक' आले. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या राहूनही लोक परकाच म्हणत, त्यातल्या माणसाला कागदोपत्रीही 'नवा' म्हणायचे, याला थट्टा म्हणावे की प्रामाणिकपणा?

आमच्या कोकणात बेने इस्रायल ज्यूंची आडनावे रोहेकर, पेणकर अशी. ऐकायला हे किती सभ्य वाटते! 'तू नवा' असे नाही, 'तू रोह्याचा'. पण जरा विचार करा. रोह्यात सगळेच रोह्याचे. रोहेकर व्हायला मुंबईला यावे लागते. म्हणजे 'कर' हाही थोडा नोव्हाकच झाला की! पुढे यांतले बरेच लोक आपल्या धर्मबांधवांच्या देशात, इस्रायलला गेले. तिथे धर्मगुरूंनी लग्न लावण्याआधी त्यांच्या ज्यूपणाचीच चौकशी मांडली. बिचाऱ्यांनी धरणे धरले, तेव्हा कुठे १९६४ साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य झाले. घरी पोचल्यावरही 'कोण पाहिजे?' असे विचारणारा दारात उभा असतोच.

मला विचाराल तर नवेपण हा येणाऱ्याचा गुण नव्हे, आधी येऊन बसलेल्याची ती सोय आहे. आज चेक देशातल्या पहिल्या दहा आडनावांत 'न्गुएन' हे एक आहे. व्हिएतनाममधून आलेल्या मंडळींचे. त्यांच्या शेजारचा एखादा नोव्हाक खिडकीतून डोकावून बायकोला सांगत असेल, "ते बघ, ते नवे लोक!" आपल्याच दारावरची पाटी वाचायची त्याला गरज वाटत नसेल. ती बाहेरच्या बाजूला असते ना! म्हणून माझी आपली एक बारीकशी सूचना आहे : प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी जिन्यात उभे राहून स्वतःच्या दारावरची पाटी वाचावी, आणि मगच शेजारच्या नव्या बिऱ्हाडाबद्दल बोलावे.