देणेकऱ्यांची उतरंड

भाचा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून साकोलीला आला की पहिला गोंधळ दारातच होतो. मी वाकून त्याच्या पाया पडतो आणि तो चार पावलं मागे सरकतो. आमच्या झाडीपट्टीत भाच्याच्या पाया पडतात. मामा साठीचा आणि भाचा दहावीतला, तरीही. पुण्यातल्या पोराला हे चमत्कारिक वाटतं. मान मिळवायला त्यानं काही केलेलं नाही, आणि नाकारायची सोयही नाही.

यंदा तो एक जाड वही घेऊन आला. तिच्यात एक अख्खं राज्य होतं. पहिल्या पानावर नकाशा: डोंगर, तीन नद्या, एक काळं अरण्य. दुसऱ्या पानावर शिडी. वरच्या पायरीवर सम्राट, खाली ड्यूक, मग मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन आणि शेवटी नाइट. प्रत्येकापुढे निशाणाचा रंग, किल्ले किती, घोडे किती. नाइटच्या खाली पट्टीनं ओढलेली एक जाड रेघ आणि त्याखाली एकच शब्द, 'प्रजा'. तिच्यापुढे आकडा नव्हता.

"मामाजी, यात काय कमी आहे?"

"कोण कोणाला काय देणं लागतो, ते लिहिलं नाहीस."

"प्रजा कर देते ना."

"ते खालून वर झालं. वरून खाली?"

तो पेन दातात धरून बसला. मी ओसरीवर तांदूळ निवडत होतो, ते तसंच ठेवलं. ज्या गावात तो ही शिडी उघडून बसला होता, त्या गावच्या मुलखात अशी एक शिडी खरोखर होती आणि तिच्या खुणा अजून पुसल्या गेलेल्या नाहीत.

आधी त्याच्याच शब्दांकडे पाहू. ड्यूक म्हणजे मुळात सैन्य पुढे नेणारा. मार्क्विस म्हणजे सीमेवरच्या मुलखाची राखण करणारा. अर्लच्या जोडीचा युरोपातला काउंट, त्याचा मूळ अर्थ राजाचा सोबती. नाइट या शब्दाचा जुना अर्थ तर पोरगा, हाताखालचा नोकर. म्हणजे एकूण एक कामाची नावं. काम गेलं, नाव राहिलं, नावाला मुकुट चढला आणि पुढे मुकुट पाहूनच लोक वाकू लागले. भाच्यानं मुकुट तेवढे उचलले होते.

आपल्याकडचा शब्द याहून उघड बोलतो. मालगुजार. माल म्हणजे जमिनीचा सारा, आणि गुजार म्हणजे अदा करणारा. शुक्रगुजार म्हणजे आभार अदा करणारा, तसा. गावातला सगळ्यात मोठा माणूस, ज्याच्या वाड्यापुढून जाताना लोक पायातली वहाण हातात घेत, त्याच्या पदवीचा अर्थ 'भरणा करणारा' एवढाच. मला हे फार आवडतं. वाडा, दिवाणखाना, बंदूक, पोळ्याला तोरणाखाली सगळ्यांच्या पुढे उभी राहणारी त्याची बैलजोडी हे सगळं बाजूला सारलं की उरतो एक देणेकरी. दर्जा म्हणजे देणं, हे एवढंच मला त्या वहीत लिहायचं होतं. कोण किती उंच, हे त्याच्याकडे काय आहे त्यावरून ठरत नाही. तो कोणाला काय देणं लागतो आणि ते फेडतो की नाही, यावर ते ठरतं. फेडणं थांबलं की शिडी उभी दिसते, पण तिच्यात वाळवी लागलेली असते.

अगदी वरून सुरुवात करू. नागपूरच्या भोसल्यांचा हा मुलूख. त्यांच्याकडे फौज होती, ओडिशापर्यंत दरारा होता, पण पदवी कोणती? सेनासाहेब सुभा. ती साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी दिलेली. रघूजी भोसल्यांच्या मागे मुलांत वाद झाला, जानोजी सेनासाहेब सुभा झाले आणि मुधोजींना सेनाधुरंधर हे वेगळं नाव मिळालं. एकाच घरातल्या दोन भावांना दोन पदव्या पुरवाव्या लागल्या, आणि त्याही बाहेरून. साताऱ्याच्या नावाशिवाय नागपूरची गादी चालत होती, शोभत नव्हती.

याहून नवलाची गोष्ट नागपुरातच होती. रघूजींनी देवगडचं गोंड राज्य हाताखाली घेतलं, पण गोंड राजा बुऱ्हाणशहाला हाकललं नाही. त्याला नागपुरात मानानं ठेवलं, उत्पन्नात वाटा दिला. आणि भोसला गादीवर बसला की त्याच्या कपाळी टिळा लावायचा मान या गोंड राजाच्या घराण्याकडे राहिला. चित्र डोळ्यांपुढे आणा. तलवार ज्याच्या कमरेला आहे तो कपाळ पुढे करून उभा, आणि ज्याच्याकडे काही उरलेलं नाही त्याचं बोट कुंकवात. यात नम्रता होती असं मी म्हणणार नाही. व्यवहार होता. जिंकलेल्या मुलखातल्या लोकांना आपला जुना राजा माहीत होता. त्याच्या बोटाखालून आल्याशिवाय नवा राजा त्यांना राजा दिसला नसता. पण व्यवहार म्हटला की त्यात देणं आलंच. जिंकणारा हरलेल्याला काहीतरी देणं लागत होता आणि दर गादीला ते फेडत होता.

"म्हणजे सम्राटाच्या वरही कोणीतरी लागतं?" भाचा म्हणाला.

"वर म्हण, नाहीतर बाजूला म्हण. एकट्याच्या कपाळावर टिळा नीट येत नाही."

भोसल्यांच्या खाली, पूर्वेच्या जंगलात जमीनदार. साकोलीपासून आताच्या गोंदिया जिल्ह्याकडे सरकलं की जुन्या जमीनदाऱ्यांची नावं भेटू लागतात. हे भाच्याचे मार्क्विस. वसुली हलकी, कारण पीक कमी आणि झाडी दाट. त्याच्या बदल्यात रान आणि वाटा सांभाळायच्या. हे देणं मोडलं तर काय होतं, त्याचा दाखला कामठ्याचा. तिथला जमीनदार चिमणा पटेल १८१८ मध्ये, आप्पासाहेब भोसल्यांचा इंग्रजांशी बिघाड झाला त्या धामधुमीत, उठला. कॅप्टन गॉर्डन फौज घेऊन आला, कामठा पडलं आणि जमीनदारी दुसऱ्या, लोधी घराण्याकडे गेली. चिमणा पटेलानं देणं मोडलं की आपलं देणं कोणाकडे आहे हे नव्यानं ठरवलं, यावर वाद घालता येईल. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

पण मला खरं बोलायचं आहे ते पाण्याबद्दल.

आमच्या भागात पाऊस भरपूर, पण जमीन चढउताराची. पाणी अडवलं नाही तर धान हाती लागत नाही. ते अडवायचं काम कोहळी लोकांनी केलं. चांद्याच्या गोंड राजानं त्यांना काशीकडून आणलं, अशी समजूत आहे. चांद्याच्या हिरशहाबद्दल असं सांगतात की त्यानं दवंडी पिटली: जो रान तोडील त्याला जमीन, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाचं पाणी जेवढं भिजवील तेवढी. दवंडीचा नेमका मजकूर काही असो, हिशेब बघा. दर्जा मोजायचं माप घोडे नाहीत, किल्ले नाहीत. पाणी जिथवर पोचलं तिथवर तुझी पाटिलकी. शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत, पाणी नेलं नाहीस, तर तेवढा तू लहान.

नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी, आणि त्यांपैकी एकीवर कोलासूर देवाचं ठाणं. हा देव म्हणजे कोलू पाटीलच. कोणत्या दरबारानं त्याला ही बढती दिली? सनद नाही, शिक्का नाही. ज्यांच्या बांध्या भिजल्या त्यांनी दिली. भाच्याच्या शिडीत सम्राटाच्या वर जागा नव्हती. हा माणूस त्याच्याही वर जाऊन बसला आणि त्याला तिथे बसवणारे सगळे रेघेखालचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवर जवळच्या एका गावच्या तलावाकडे गेलो. पाळीवर बेशरमाची झुडपं माजलेली, पाण्यात शिंगाड्याचे वेल. मी त्याला तुडूम दाखवलं. पाळीच्या पोटातून पाणी सोडायची ही वाट. इथून पाट निघतो आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी उतरत जातं. कोणाला कधी आणि किती, हे पाणकर बघायचा. त्याला पिकातला वाटा मिळायचा, पण त्याची खरी मिळकत लोकांच्या विश्वासाची. शेवटच्या बांधीवाल्यानं बोट दाखवलं की तो उठला. गाळ काढायला, पाळीवर माती टाकायला घरटी माणूस. पुढे इंग्रजांनी गावोगावचा हा रिवाज वाजिब-उल-अर्ज या दप्तरात उतरवला: कोणत्या तलावाचं पाणी कोणाला, दुरुस्ती कोणाकडे. मालगुजाराचं देणं त्यात काळ्या शाईत आहे.

जाळं झटकत बसलेल्या एका म्हाताऱ्या ढिवराला भाच्यानं विचारलं, "काका, हा तलाव कोणाचा?"

"मामाचा आहे जी."

"कोणाच्या मामाचा?"

म्हातारा हसला, मीही हसलो. सरकारी कागदांत या तलावांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव'. लिहिता लिहिता त्याचं झालं मा. मा. तलाव, आणि बोलता बोलता मामा तलाव. एवढा मोठा मालगुजार, अखेरीस दोन अक्षरांत आटला आणि गावाचा मामा झाला. मला यात थट्टा कमी आणि न्याय जास्त दिसतो. आपल्या नात्यांत मामा हा कायमचा देणारा. भाच्याच्या लग्नात त्याचा आहेर, भाचीच्या लग्नात अंतरपाटापाशी तो उभा, सुट्टीत त्याचं गाव. परत काय मिळणार, हे विचारायची मामाला परवानगी नाही.

पण सगळं गोडच होतं असं सांगून त्या पोराला फसवायचं नव्हतं. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील मुख्यतः वसुलीचा माणूस होता. गाव त्याच्या हाती आज आहे, उद्या असेलच असं नाही. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारसाविना गेले, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत झाल्यावर जी जमाबंदी झाली तिच्यात या लोकांना गावाची मालकी देण्यात आली. भरणा करणारा मालक झाला. माझ्या मते शिडीला वाळवी लागली ती इथे. देणं अंगावरून उतरलं आणि हक्क तेवढा अंगावर राहिला. चांगले मालगुजार होते, तलाव बांधणारे, दुष्काळात कोठार उघडणारे. पण वेठीला धरणारेही होते, जमीन हातबदल झाली की नजराणा मागणारेही होते, आणि त्यांना जाब विचारायला वरचा राजा उरला नव्हता. इंग्रज फक्त हप्ता वेळेवर आला का ते बघे. वर काहींना रावसाहेब, रावबहादूर अशी नावंही मिळाली; त्या नावांत कसलं काम होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

मग एके दिवशी सगळंच सपाट. आमचा हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात. १९५० चा मालकी हक्क नष्ट करणारा कायदा ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला. मालगुजार आणि जमीनदार दोन्ही गेले, घरची शेती तेवढी त्यांच्याकडे राहिली. राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं पदव्या आधीच बाद केल्या होत्या. कोणी रडल्याचं मी ऐकलं नाही, आणि रडण्यासारखं नव्हतंच.

फक्त तलावांचं काय? तेही सरकारजमा झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले. मालगुजाराचा हक्क काढून घेणं सोपं होतं. त्याचं देणं कोणाच्या नावावर चढवायचं, हे कठीण गेलं. गाव म्हणे, तलाव सरकारचा. सरकारकडे कागद, पण पाळीवर माती टाकायला घरटी माणूस बोलावणार कोण? दरवर्षी थोडा गाळ बसत गेला. म्हातारा ढिवर म्हणाला, त्याच्या लहानपणी इथे हत्ती बुडेल एवढं पाणी होतं. हत्तीचं सोडून देऊ, पण आता मध्यात उभं राहिलं तर माझ्या छातीपर्यंत येईल.

रात्री गावात मंडईचं, म्हणजे इथल्या जत्रेचं, नाटक होतं. दिवाळी सरली की झाडीपट्टीत हा हंगाम सुरू होतो आणि कडाक्याच्या थंडीत लोक घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतात. पहिल्याच प्रवेशात जरीचा फेटा बांधलेला जमीनदार आला, मिशीला पीळ दिला, मांडी ठोकली. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज येत नाही जी!" जमीनदारानं तिथल्या तिथे संवाद पुन्हा म्हटला, मोठ्यानं. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही.

निघायच्या दिवशी त्यानं वही उघडून दाखवली. शिडी खोडली होती. तिच्या जागी मडक्यांची उतरंड काढली होती, सगळ्यात मोठं मडकं खाली, वर जावं तसं लहान. स्वयंपाकघरात आजीच्या वेळची आहे, तिच्यावरून असणार. प्रत्येक मडक्यापुढे दोन रकाने, घेणं आणि देणं. तळाच्या मडक्यात 'प्रजा' खोडून शेतकरी, ढिवर, पाणकर अशी नावं. बॅरनच्या देण्यात तुडूम, मार्क्विसच्या देण्यात अरण्यातल्या वाटा. सम्राटापुढचा देण्याचा रकाना कोरा होता.

"इथे काय लिहू, मामाजी?"

महामार्गावर नागपूरची बस हॉर्न देत उभी होती. मी त्याच्या पाया पडायला वाकलो. या खेपेला तो मागे सरकला नाही, पण त्याचं लक्ष वहीतच होतं.