पांढरीतला वाळा

आमच्या पिशोरकडं जमीन दोन जातींची. काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीवर गाव वसतं. गाव उठून गेलं तरी पांढरी मागं राहते. राख, शेण, पडक्या भिंती मिसळून भुरी झालेली. अंजना नदीच्या अंगाला एका रानात अशी जुनी पांढरी आहे. लहानपणी पहिल्या पावसानं माती धुतली, की आम्ही पोरं तिथं ढब्बू पैसे हुडकायला जायचो. एखादी शिवराई सापडायची. दुकानदार ती घ्यायचा नाही, मग ती गोट्यांच्या डावात लागायची.

दोन वर्षांखाली गहू निघाल्यावर आम्ही पाच जुने वर्गमित्र त्याच रानात गेलो. एकजण पुण्याहून मेटल डिटेक्टर घेऊन आला होता. रान दुसऱ्याचं. बटाईनं करणारी मावशी बांधावर शेळ्या राखत बसली होती. यंत्र टूं टूं करायचं, आम्ही खुरप्यानं उकरायचो. खिळे निघाले, बैलाची नाल निघाली, बाटल्यांची झाकणं तर विचारू नका. मग 1943 सालचा भोकाचा पैसा. उन्हं कलली तेव्हा वीतभर खोलीवर एक काळवंडलेला वाळा लागला. पदराला घासला तर चांदी. लहान लेकराच्या पायातला.

तिथून मजा संपली. यंत्रवाला म्हणाला, "सापडलं त्याचं." रानवाला म्हणाला, "रान कोणाचं हाय मग?" मावशी उठून आली. वाळा तळहातावर घेऊन म्हणाली, "दुसरा कुठं हाय? लेकराला काय एकच पाय व्हता?" कोणी बोललं नाही.

घरी येऊन मी कायदा पाहिला. 1878 सालचा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. धनी निघाला नाही आणि आधीचा काही करार नसला, तर साधारणपणे चारातले तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वर्षभर त्या मातीत राबणाऱ्या मावशीचा त्यात हिस्सा नाही. पण मला अडलं ते दुसरीकडंच. सापडणं म्हणजे मिळवणं का? गहू आम्ही पेरला असता तर तो आमचा. वाळा आम्ही घडवलाही नाही, हरवलाही नाही. एक दुपार उकरली, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध.

नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. एक राजा हरला, दुसरा जिंकला, हे त्या नाण्यांनी सांगितलं. कोणी ती आटवून कडी-तोडे केले असते, तर चांदी तेवढीच भरली असती आणि साक्ष गेली असती.

दायमाबादची गोष्ट आणखी अवघड. 1974 साली श्रीरामपूर तालुक्यात एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना चार ब्राँझच्या वस्तू लागल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. मिळून साठ किलोवर वजन. त्या मोडीत गेल्या नाहीत, म्हणून आज आपल्याला पाहता येतात. तरी त्या नेमक्या किती जुन्या, यावर अभ्यासकांचा वाद राहिला. कारण शास्त्रीय खोदकामात, थराची नोंद होत त्या निघाल्या नव्हत्या. वस्तूचं वय पुष्कळदा तिच्या भोवतालच्या मातीत असतं. वस्तू उचलली आणि माती विसरली, की अर्धी वस्तू तिथंच राहते.

आता कोणी म्हणेल, तुमच्या बापजाद्यांनी पांढरीची माती गाड्या भरभरून नेली, धाब्यावर टाकली, रानात पसरली, तेव्हा कुठं होता हा विचार? खरं आहे. माझ्या आज्यानंही नेली. पण त्याचं छत गळत होतं. आमचं काय गळत होतं? आमची हौस होती. गरजेला जी माफी मिळते ती हौसेनं मागू नये, एवढं मला वाटतं. आणि हौस केलीच, तर निदान पाहिलं ते सांगण्याचं देणं फेडावं.

चार दिवस भांडून शेवटी आम्ही वाळा द्यायचा ठरवला. कळवण्याचा कागद लिहायला बसलो. काय सापडलं, लिहिलं. अंदाजे किंमत लिहिली. तारीख लिहिली. पुढं हवी होती जागा. नेमकी कुठं, ते पाहायला सगळे रानात गेलो, तर मधल्या दिवसांत नांगरट झालेली. ढेकळंच ढेकळं. आम्ही पाच जणांनी पाच ठिकाणी बोटं दाखवली. मावशीला विचारलं. ती म्हणाली, "मी वाळ्याकडं पाहत व्हते बाबा, तुम्ही तरी खड्ड्याकडं पाहायचं."

कागदावर आम्ही गट नंबर लिहिला. त्यापुढं लिहायला आमच्याकडं काही नव्हतं.