धरणारा की हाकलणारा

मागच्या दिवाळीनंतर हरभरा पेरला. रोपं वीतभर झाली आणि दोन रात्रींत हरणांनी धुऱ्याकडचे आठ तास साफ केले. हरभऱ्याचा शेंडा खुडला तर त्याला फांद्या फुटतात, हे आम्ही जाणतो. पण हरीण खुडून थांबत नाही. ओल्या जमिनीतलं रोप मुळासकट वर येतं. सकाळी वावरात गेलो तर नुसत्या खुरांच्या खुणा. धुऱ्यावर बसलो आणि ठरवलं, यंदा कुत्रा आणायचा. साधासुधा नाही, पळणारा.

त्या दिवसांत आमच्या नाचणगावच्या शिवारात एका धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या. म्हातारा माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा. त्याच्याजवळ पिल्लं होती. दोन माझ्यासमोर आणून सोडली. एक लांब पायांचं, खोल छातीचं, पोट आत गेलेलं, गप्प. आई गावठी, बाप कारवानी वाणाचा. दुसरं आखूड, जाड मानेचं, मला पाहिल्यापासून भुंकत होतं. मी लांब पायांचं उचललं. म्हातारा हसला.

"भाऊ, तुमाले धरनारा पाह्यजे का हाकलनारा?"

मी म्हटलं, "पिकातून हरणं गेली पाहिजेत, बस."

"मंग हे कायले उचललं? हे भुकत नाही. हे पाहते आन् पयते."

हातात पिल्लू तसंच राहिलं. म्हाताऱ्याच्या त्या एका प्रश्नानं मी थेट 1977 सालात गेलो.

त्या वर्षी दहावीची परीक्षा देऊन मी घरी होतो. पुढे शिकायचं नव्हतं, वावरच पाहायचं होतं. आमच्या घरी तेव्हा राजा नावाचा कुत्रा होता. बाजारातून आणलेल्या कारवानी नराचं आणि आमच्या गावठी कुत्रीचं पिल्लू. बाबांनी तो पारखून ठेवला होता. ते सांगत, निव्वळ कारवानी कुत्रा वाऱ्यासारखा पळतो, पण कातडी पातळ, पाय नाजूक. पऱ्हाटीचे खुंट नि बाभळीचे काटे त्याला सोसत नाहीत. गावठीला सगळं सोसतं, पण वेग नाही. दोघांचं मिळून जे होतं ते आपल्या रानाला चालतं. बापाचे पाय नि आईची अक्कल.

अशा जोडणीची हौस जगात सगळीकडे आहे. कारवानी म्हणा की मुधोळ, हा आपल्याकडचाच नजरेचा कुत्रा. वासावर नाही, नजरेवर शिकार धरणारा. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी हा वाण जपला, त्यातली पिल्लं इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट गेली. 2005 साली त्याचं पोस्टाचं तिकीटही निघालं. इंग्लंडातही ग्रेहाउंडला मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याशी जोडून केलेल्या संकराला लर्चर म्हणतात. वेग एकाचा, समज दुसऱ्याची. गरिबाचा नि चोरून शिकार करणाऱ्याचा कुत्रा म्हणून तो ओळखला जाई. म्हणजे आमचे बाबा जो हिशेब करत होते, तोच सातासमुद्रापलीकडचा कुणी शेतकरीही करत होता.

पण या हिशेबात एक गोष्ट कुणी मांडत नाही. ती मी त्या पावसाळ्यात पाहिली.

मोकळ्या, कोरड्या रानात तगड्या काळविटाला कुत्रा गाठू शकत नाही. राजानं कितीदा तरी जीव तोडून पाठलाग केला नि जीभ काढून परत आला. पण त्या दिवशी रात्रभर पाऊस झाला होता. काळी जमीन चिकट झालेली. हरणाचं टोकदार खूर त्यात रुततं, कुत्र्याचा पसरट पंजा वर राहतो. मुगात कळप होता. राजा सुटला. कळप गेला, एक मादी मागे राहिली. नाल्याच्या काठी चिखलात तिचे पाय गेले आणि राजानं तिचा गळा धरला.

मी धावत पोचलो तेव्हा ती जिवंत होती. राजानं मारलं नव्हतं, धरून ठेवलं होतं, आणि डोळे वर करून माझ्याकडे पाहत होता. बाबा मागून ओरडले, "इळा घे." मी विळा घेतला.

त्या रात्री पळसाच्या पानांवर वाटे पडले. चार घरं जेवली. मीही जेवलो, आणि खोटं कशाला सांगू, चवीनं जेवलो. तेव्हा मला काही वाटलं नाही. 1972 सालचा वन्यजीवांचा कायदा झाला होता, पण आमच्या चुलीपर्यंत तो आला नव्हता.

वाटलं ते दोन महिन्यांनी. शेजारच्या काकूंची शेळी दावं तोडून पळाली. काकू विधवा, दुधाचा आधार त्या एका शेळीचा. राजानं पळणारं जनावर पाहिलं आणि त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. काकू अंगणात येऊन बसल्या. शिव्या दिल्या नाहीत, नुसत्या बसल्या. बाबांनी शेळीचे पैसे दिले, आणि मग राजाला खुंट्याला बांधून काठीनं मारलं. मी पाहत होतो. तो गुरगुरला नाही. त्याला कळतच नव्हतं की ज्या कामासाठी भाकरी मिळत होती, त्याच कामासाठी मार का मिळतो.

त्या दिवसापासून राजाच्या गळ्यात साखळी पडली ती निघाली नाही. निंबाखाली चार वर्षं काढली त्यानं. लांब कुठं काही पळताना दिसलं की झेप घ्यायचा, नि साखळी त्याला उलटं पाडायची.

गुन्हा कुणाचा होता? पुष्कळ दिवस मी म्हणत असे, कुत्र्याला काय कळतं. पण ते अर्धंच खरं. त्याला कळत नव्हतं, आणि आम्हाला कळत होतं. पळण्यासाठी त्याचा बाप निवडला आम्ही, टिकण्यासाठी आई निवडली आम्ही, आणि हरीण नि शेळी यांत फरक कर ही अपेक्षाही आमचीच. कुत्रा पाप-पुण्य घेऊन जन्मत नाही. ते निवडणाऱ्याच्या मनात असतं आणि निवडीबरोबर त्याच्या अंगात उतरतं.

दुसरी गोष्ट. हरणांनी मूग खाल्ला याचा राग होता. पण सापडली कोण? मूग कळपानं खाल्ला, सापडली चिखलात अडकलेली. पळणारा कुत्रा चोराला धरत नाही, दुबळ्याला धरतो. याला पिकाचं रक्षण म्हणावं का?

आता कुणी म्हणेल, मग काय हरणांना वावर दान करायचं? नाही. शेतकऱ्याला असं सांगणाऱ्यानं एकदा जागल करून पाहावी. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनीही तसं सांगितलं नाही. 1946 साली देशात अन्नाची टंचाई असताना त्यांनी 'हरिजन'मध्ये लिहिलं होतं की अशा वेळी अहिंसेच्या नावावर जनावरांना पीक खाऊ देणं हे पापच. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. मग वाटलं, हे वाचून आपल्याला एवढं बरं का वाटलं? टंचाईतलं पीक वाचवणं वेगळं, आणि त्या आडून मनातल्या रागाला पाय फोडणं वेगळं. राजा सुटायचा तेव्हा बाबांच्या नि माझ्या तोंडावर जे हसू यायचं, ते काही मूग वाचल्याचं नव्हतं.

कायद्याचं तर साफ आहे. मुलीनं मला मोबाइलवर वाचून दाखवलं. शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पाठलाग करणं, फासे लावणं, हाकून नेणं, आणि तसा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच येतं. इंग्लंडातही 2004 साली कायदा करून कुत्र्यांनी केलेली हरणाची शिकार बंद केली. पण मी कायद्याला भिऊन थांबलो असं म्हटलं तर तेही अर्धंच खरं होईल. रात्रीच्या वावरात कोण येतं पाहायला?

मी हातातलं पिल्लू खाली ठेवलं. म्हाताऱ्याला विचारलं, "दादा, हाकलणारा कसा ओळखायचा?"

तो म्हणाला, "जो तुमच्या पायापासून लांब जात नाही नि तोंड बंद ठेवत नाही, तो. पयनाऱ्याले रान पाह्यजे, भुकनाऱ्याले मालक पाह्यजे."

मी जाड मानेचं पिल्लू आणलं. नातीनं नाव ठेवलं भोंग्या. त्याला मी एकच गोष्ट शिकवली: धुरा ओलांडायचा नाही. रोज सांजवेळी त्याला घेऊन धुऱ्यानं चक्कर मारायची, पलीकडे पाय टाकला की नाव घेऊन परत बोलवायचं. दीड-दोन महिने लागले.

सगळं पीक वाचलं असं सांगणार नाही. हरणं शहाणी असतात. भोंग्या धुऱ्याबाहेर येत नाही हे त्यांना आठ-दहा दिवसांत कळलं. तो एका कोपऱ्यात भुंकतो तेव्हा ती दुसऱ्या कोपऱ्यात येतात. आणखी दोन-तीन तास गेलेच. त्याची रीतसर तक्रार केली, पंचनामा झाला. बाकी हरभरा घरी आला.

संक्रांतीच्या आधीची एक रात्र सांगतो. चांदणं होतं. कळप धुऱ्यापासून वीस पावलांवर उभा होता, भोंग्याकडे पाहत, न भिता. भोंग्या भुंकून भुंकून थकला नि मान वळवून माझ्याकडे पाहू लागला. अगदी राजासारखं. तेव्हा माझ्या तोंडात शब्द आला होता. 'धर.' ओठापर्यंत आला होता. पण भोंग्याला तो समजला नसता. तो मी त्याला शिकवलाच नव्हता.

मग बॅटरी घेतली नि मीच उठलो.